फुललेला प्लॉट

१

पत्र्याच्या शेडमध्ये कोणीच नव्हतं. चटया गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या होत्या. जमीन शेणाने सारवली होती आणि सारवण अजून ओलंच होतं. फक्त एका कोपऱ्यापर्यंत सारवणारीचा हात पोचला नव्हता. तिथे कोळशाने आखलेले ठिकरीचे दोन चौकोन राहून गेले होते.

“इथे मुली राहत होत्या,” मी मार्टाला म्हटलं.

“मलाही दिसतंय,” ती म्हणाली. “पण चौकोनांची साक्ष कोण धरणार?”

मार्टा जिनिव्हाहून आली होती. मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार देशोदेशी पाळला जातो की नाही, हे बघायला संयुक्त राष्ट्रांची एक समिती असते. सरकारं तिच्यापुढे गुळगुळीत अहवाल ठेवतात, आणि मार्टाच्या संस्थेसारख्या संस्था त्याशेजारी खरखरीत अहवाल ठेवतात. साल होतं २०१७. त्याच जूनमध्ये भारताने बालमजुरीविरुद्धचे आणखी दोन करार मान्य केले होते. ते सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोचले का, एवढंच तिला बघायचं होतं.

मी प्रतिमा, तिची दुभाषी. बुलढाण्याला जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. निवृत्त बाई रिकामी बसलेली कोणाला बघवत नाही, वैजनाथ सरांना तर नाहीच. बालहक्कांची त्यांची संस्था साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होती. यजमान गेले तेव्हा सरांनीच मला घराबाहेर काढलं. माझ्या ओसरीवर बसून आम्ही दोघांनी त्या कराराचा मराठी तर्जुमा केला होता. ‘शोषण’ लिहू की ‘पिळवणूक’, यावर तासन्‌तास भांडलो होतो.

जळगाव जामोद तालुक्यातला हा प्लॉट बीटी कपाशीच्या बियाण्याचा. कंपनीसाठी तो चालवायचा शेषराव नावाचा ऑर्गनायझर. बीटी आली तेव्हा बोंडअळी गेली म्हणून पेढे वाटले होते. त्या वर्षी गुलाबी अळी बीटीचीच बोंडं पोखरत होती, फवारे मारून माणसं दवाखान्यात पडत होती, तरी पेरायला दुसरं बियाणं नव्हतं. आणि ते बियाणं बनत होतं लहान पोरींच्या बोटांनी. एका जातीच्या झाडाची कळी हाताने सोलायची, दुसऱ्या जातीचं फूल तिच्यावर घासायचं. या कामाला सगळे क्रॉसिंग म्हणतात.

“पोरी? आमच्याकडं?” शेषराव हात जोडून हसला. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, चहा कपबशीतून. समोर चार-पाच बाया आपापली आधार कार्डं हातात धरून उभ्या. कोणी मागितली नव्हती. “पाहा ना मॅडम, साऱ्या मोठ्या बाया. आमी कायद्याची मानसं.”

प्लॉट मात्र देखणा होता, ते नाकारून चालायचं नाही. ओळीच्या ओळी लोण्याच्या रंगाच्या फुलांनी भरल्या होत्या. मी कपाशी पाहिली ती एसटीच्या खिडकीतून, आणि तीही बोंडं फुटल्यावर. मार्टाने भराभर फोटो काढले. दोन बाया फुलं तोडून टोपलीत टाकत होत्या. मला वाटलं, देवाला असतील.

“हा सारा मादी प्लॉट,” शेषराव उत्साहाने सांगत होता. “नर तिकडं, बांधाच्या पलीकडं.” त्याने एक टपोरं फूल तोडून मार्टाच्या हातात दिलं. “आमच्या मातीची आठवन.”

जीपमध्ये बसताना वैजनाथ सर माझ्या कानाशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“प्रतिमाताई, सारवण ओलं होतं. निरोप आज सकाळीच पोचलाय,” ते म्हणाले. “आणि तो आपल्या जीपमधूनच गेलाय.”

२

आमचा मुक्काम जळगाव जामोदला झेबाकडे. झेबा माझी विद्यार्थिनी. बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करते, जिल्ह्यातले सगळे ऑर्गनायझर तिला चेहऱ्याने ओळखतात, म्हणून ती प्लॉटवर आली नव्हती. तिची अम्मी घरी शिलाई करते. त्या घरात कोणीही बाई पिशवी घेऊन शिरली तरी गल्लीला वाटतं, ब्लाऊज शिवायला आली.

आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, अशीच पिशवी घेऊन अजीजुन्निसा आली होती. तिचा नवरा अब्दुल गनी फवारणीचे पंप दुरुस्त करतो. त्यांची बारा वर्षांची नाजिश शेषरावच्या त्या शेडमध्ये राहून क्रॉसिंग करत होती. फवारलेल्या पिकात वावरून तिला दोनदा चक्कर आली, ओकाऱ्या झाल्या. आई आणायला गेली तर शेषराव म्हणाला, हंगाम संपेपर्यंत पोरगी मिळणार नाही.

“सांजच्याले कळी सोलते माही पोरगी,” अजीजुन्निसा सांगत होती आणि मी उतरवून घेत होते. “त्याच्यावर लाल कागदाची टोपी घालते. मंग सकायी टोपी काढून फूल घासते. आंगठ्याचं नख वाढवलं तिनं कळी सोलाले. रोज सांज, रोज सकाय. ईदच्या दिवशीबी सोडली नाई तिले.”

आमचे सगळ्यांचे फोन झेबाने गोळा करून स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यात ठेवले होते. साक्ष घेताना हा नियमच असतो. खोलीत चौघंच होतो. अजीजुन्निसा, झेबा, मी आणि सर. सरांनी तिला करारातलं कलम सोप्या मराठीत वाचून दाखवलं. मग ते म्हणाले, “ताई, तुमचं नाव या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही. कागदावर तुम्ही फक्त ‘साक्षीदार एक’.”

“तुमच्या भरोशावर बोलून राह्यले सर,” ती म्हणाली होती.

ती गेल्यावर आम्ही तिघांनी ठरवलं की उद्याच, गुरुवारी, मार्टाला प्लॉटवर न्यायचं. पोरी कामावर सापडल्या की तिथूनच पोलीस आणि बालकल्याण समितीला बोलवायचं. नाजिश आईच्या ताब्यात येईल. सगळं कसं सरळ होतं.

आणि आता गुरुवारच्या दुपारी आम्ही हात हलवत परत आलो होतो. अम्मीने मार्टाच्या हातातलं फूल घेऊन स्टीलच्या ग्लासात खिडकीत ठेवलं. तेवढ्यात दार ढकलून अजीजुन्निसा आत आली. तिच्या हातात पिशवी नव्हती.

“शेडमंदी कोनीच नाई,” ती दारातच बसली. “बाकीच्या मायबापायले त्यानं सांगतलं, पोरी दुसऱ्या प्लॉटवर गेल्या, खुशाल हायेत. मी इचारलं, माही नाजिश कोठी हाय? तं हसला. म्हने, तुले कायले सांगू? तू तं आता इलायतच्या मडमेशी बोलतेस. तिलेच इचार.”

खोलीत शिलाई मशीनचा आवाज थांबला. शेषरावला फक्त भेट कळली नव्हती. त्याला तिचं नावही कळलं होतं.

३

संशय घ्यायचाच तर जीपमध्ये दोघं होते.

पहिला बिलाल, आमचा ड्रायव्हर. तो अजीजुन्निसाच्या बहिणीचा मुलगा. कुठे जायचं हे त्याला सकाळी निघताना सांगितलं होतं. वाटेत चहाला थांबलो तेव्हा तो टपरीमागे जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलला. ते सरांनी पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं.

“कोणाला फोन केलास?” झेबाने विचारलं.

“कोनाले नाई.”

“बिलाल, बाईंनी पाहिलंय.”

तो मान खाली घालून उभा. सर एकदम उसळले. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. “मावशीचं मीठ खाल्लंस ना रे तू? तुझ्याच मावसबहिणीला विकलंस? उद्यापासून माझ्या जीपला हात लावायचा नाही!”

अजीजुन्निसाने भाच्याकडे पाहिलं. तिचं ते बघणं मला सहन होईना. “बिलाल,” ती म्हणाली, “तुले माह्या हातानं खाऊ घातलं बे.” तेवढंच बोलून तिने पदर तोंडावर घेतला.

बिलाल रडवेला झाला. “खालाजान, अल्लाकसम, म्या टायरवाल्याले फोन केल्ता. स्टेपनी दुरुस्तीले टाकली होती, आनलीच नाई. सरले सांगतलं होतं की गाडी टकाटक हाय.”

झेबाने त्याचाच फोन घेऊन तो नंबर लावला. पलीकडून खरंच टायरवाला बोलला. सर तुच्छतेने हसले. “टायरवाल्यालाही शेषराव ओळखत असेल. या तालुक्यात कोण कोणाचा नाही?”

दुसरी गार्गी, संस्थेतली नवी मुलगी. तिला बुधवारी रात्री जेवताना ठिकाण सांगितलं होतं. तिने पटकन कबूल केलं की झोपण्याआधी तिने ‘उद्या मोठं मिशन!’ असं स्टेटस ठेवलं होतं, खाली जळगाव जामोदचं नाव. आजकालच्या मुलांना गुपित पचत नाही, त्याचं आधी स्टेटस होतं. मी तिला दोन शब्द सुनावणार होते, पण ती आधीच हुंदके देत होती.

“पण साक्ष कोणी दिली ते मला माहीतच नव्हतं,” ती म्हणाली. “खरंच नव्हतं.”

“आणि बिलालला?” झेबाने विचारलं.

“घरातलीच बाई. कळलं असेल,” सर म्हणाले.

संध्याकाळी अब्दुल गनी आला. त्याने बिलालला एक शब्दही विचारला नाही. फक्त सांगितलं, माझ्या दारात पाय ठेवू नको. बिलाल चावी ओट्यावर ठेवून गेला. सर माझ्याकडे वळून म्हणाले, “वाईट वाटतं हो. पण घरचाच भेदी असतो शेवटी.”

मी मान डोलावली. झेबा मात्र सरांकडे न बघता माझ्याकडे बघत होती. मग ती हळूच म्हणाली, “बाई, उद्या सकाळी मला तुमच्याशी एकटीशी बोलायचंय. तुम्हालाही विचारायला हवं.”

४

शुक्रवारी सकाळी तिने मला माडीवर नेलं. हातात चहाचा कप दिला आणि विचारलं, “बाई, बुधवारपासून तुम्ही कोणाकोणाशी बोललात?”

मला मिरची झोंबली. जिला मी स्पेलिंगं शिकवली ती पोरगी माझी उलटतपासणी घेते! “झेबा, लाज वाटत नाही?”

“वाटते. म्हणून तर तुम्हाला आधी विचारतेय.” ती बोटांवर मोजत बोलत होती. “शेषरावला तीन गोष्टी ठाऊक होत्या. कुठे, कधी आणि कोणामुळे. अजीजाबीला ‘कधी’ आपण सांगितलंच नव्हतं. बिलाल आणि गार्गीला ‘कोणामुळे’ माहीत नव्हतं. तिन्ही गोष्टी तिघांनाच ठाऊक. तुम्ही, मी आणि सर.”

“सर?” मी हसले. खरं सांगते, हसलेच. “उद्या म्हणशील, मारुतीने लंका रावणाला परत दिली.”

“बिलालला नाव कळलं असू शकतं. सर म्हणतात ते अशक्य नाही,” ती म्हणाली. “अंदाजावर मी कोणाचं नाव घेणार नाही. मला फक्त निरोप कधी गेला ते हवंय. रात्री गेला असेल तर गार्गी, सकाळी असेल तर बिलाल. आणि सारवण तर ओलं होतं.”

खालून अम्मीने हाक मारली. मार्टाला पोहे वाढायचे होते आणि दोघींना एकमेकींचं काही कळत नव्हतं. आम्ही खाली आलो तर अम्मी खिडकीतला ग्लास हातात घेऊन कौतुकाने दाखवत होती. “देखो, कल पीला था. आज गुलाबी हो गया.”

फूल खरंच गुलाबी झालं होतं. झेबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली.

“हे कुठलं?”

“शेषरावने दिलं,” मी म्हटलं.

“नराच्या शेतातलं असेल.”

“नाही, आम्ही उभ्या होतो तिथलंच. त्याने मुद्दाम सांगितलं की हा सगळा मादी प्लॉट.”

“मादी प्लॉटवर फूल उमललेलं होतं?”

“एक काय घेऊन बसलीस! सगळा प्लॉट फुललेला होता. मार्टाकडे फोटो आहेत.”

झेबाने मार्टाचा कॅमेरा जवळजवळ हिसकावून घेतला. एकेक फोटो मोठा करून ती बघत राहिली. पोहे गार झाले. शेवटी तिने कॅमेरा खाली ठेवला.

“बाई,” ती म्हणाली, “सरांना बोलवा. अजीजाबीला आणि बिलाललाही. मला कळलं.”

५

सगळे जमले. सर नेहमीच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून. बिलाल दाराबाहेर, चपलांपाशी. अजीजुन्निसा अम्मीजवळ.

झेबाने गुलाबी फुलाचा ग्लास मधे ठेवला.

“बाईंच्या शाळेत यायच्या आधी, सहावी-सातवीत असताना, मी इथे क्रॉसिंग केलंय,” तिने सुरुवात केली. “क्रॉसिंगच्या मादी प्लॉटवर फूल कधीच दिसत नाही. उद्या उमलणारी प्रत्येक कळी आज संध्याकाळी सोलली जाते. एखादं फूल चुकून उमललं तर मुकादम कानशिलात देतो, कारण त्याचं बियाणं संकरित होत नाही. अजीजाबी, बरोबर?”

“हाव. फूल दिसलं की मार भेटते.”

“काल सकाळी शेषरावचा सगळा मादी प्लॉट फुललेला होता. त्या बाया फुलं देवाला तोडत नव्हत्या, बाई. त्या घाण काढत होत्या. म्हणजे बुधवारी संध्याकाळी तिथे एकही कळी सोलली गेली नाही. का? कारण सोललेल्या कळीला सकाळी पराग मिळाले नाहीत तर ती गळून पडते. उद्या सकाळी हात नाहीत हे ज्याला आजच माहीत असतं, तोच कळ्या सोलत नाही.”

“त्याने आधीपासूनच काम बंद ठेवलं असेल,” सर म्हणाले.

“नाही सर. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. हे बघा.” तिने ग्लास पुढे सरकवला. “काम मंगळवारीच थांबलं असतं तर काल झाडांवर बुधवारची गुलाबी फुलं दिसली असती. फोटोत एकही गुलाबी फूल नाही. मंगळवारी संध्याकाळी पोरी कळ्या सोलत होत्या. बुधवारी संध्याकाळी नव्हत्या. सोलायचं काम तिसऱ्या प्रहरी सुरू होतं. त्याच्या आत निरोप पोचला होता.”

दाराबाहेर बिलालने मान वर केली.

“गार्गीला रात्री कळलं. बिलालला दुसऱ्या दिवशी सकाळी. दोघंही यात नाहीत. सारवणाचं म्हणाल तर त्याला एक बाई आणि एक बादली पुरते, ते पाहुणे यायच्या तोंडावरही होतं. बुधवारी दुपारी ठिकाण ठाऊक होतं ते आपल्या तिघांनाच. बाई आणि मी अंधार पडेपर्यंत याच खोलीत साक्षीचं इंग्रजी करत बसलो होतो, फोन डाळीच्या डब्यात. अम्मी समोर बसून काज-बटण करत होती.” तिचा आवाज आता अगदी बारीक झाला. “तुम्ही तुमचा फोन डब्यातून काढून घेतलात सर. मार्टाला आणायला नांदुऱ्याच्या स्टेशनवर जातो म्हणालात. एसटीने एकटे गेलात. बिलाल जीप घेऊन तिथे संध्याकाळी पोचला.”

मी सरांकडे पाहिलं. ते आता हसतील, झेबाची एखादी चूक काढतील, असं मला वाटत होतं. नव्हे, मी वाट बघत होते. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत बसले. तेव्हा मला कळलं.

“तुम्ही लोक अहवाल लिहिता,” ते चष्म्याकडे बघत बोलू लागले. “तो जिनिव्हाला जातो, छापून येतो, कपाटात बसतो. कंपनी दुसऱ्याच दिवशी गुजरातला जाते. माझ्या बहिणीचं गाव आहे ते. गावातल्या अर्ध्या चुली या प्लॉटवर पेटतात. मी शेषरावला म्हटलं, पाहुणे येताहेत, आजच मुली शेतातून काढ, पुन्हा लावू नकोस. त्याने शब्द दिला. एका फोनवर मुली बाहेर आल्या, प्रतिमाताई! आपल्या सगळ्या कलमांनी इतक्या वर्षांत काय केलं?”

“आणि बिलाल?” मी विचारलं. “त्याला का बळी दिलंत?”

ते रुमालाची घडी घालू लागले.

“आणि नाव?” झेबा उठून उभी राहिली. आता ती वकील नव्हती, जळगाव जामोदची पोरगी होती. “पोरी काढाच्या होत्या तं काढाच्या. अजीजाबीचं नाव काऊन दिलं?”

सरांनी चष्मा लावला.

“त्याने विचारलं,” ते म्हणाले.

बस्स, एवढंच. कोणी धमकावलं नाही, कोणी लाच दिली नाही. शेषरावने विचारलं, कोणी सांगितलं हो सर, आणि सरांनी सांगितलं. ‘आपल्यामुळे साक्षीदाराला इजा होता कामा नये’ ही पाटी स्वतःच्या अक्षरात रंगवून संस्थेत लावणाऱ्या माणसाने. कुंपणच शेत खातं हे मी मुलांना म्हण म्हणून शिकवत आले. त्या सकाळी मी ते कुंपण समोर बसलेलं पाहिलं, माझ्याच ओसरीवरच्या चहाची सवय असलेलं. मला त्या माणसाचा राग आला, आणि त्याहून जास्त, इतकी वर्षं मी त्याच्या शब्दावर मान डोलावली याचा आला.

अजीजुन्निसा उठली. ती सरांच्या अंगावर धावून जाईल असं वाटलं. पण ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

“माही पोरगी कोठी हाय, सर? तुमाले सांगतलं असंन त्यानं. तुमी इचारलं असंन ना?”

सरांनी विचारलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

६

झेबाने त्यांचा फोन त्यांच्याच हातात दिला. “विचारा आता.”

त्यांनी विचारलं. शेषरावला अजून ते आपलेच वाटत होते, त्याने सांगूनही टाकलं. पोरी घरी गेल्या नव्हत्या की शाळेत. संग्रामपूरकडे, डोंगराच्या कडेला त्याचा दुसरा प्लॉट होता, सगळ्या तिथे कळ्या सोलत होत्या. नाजिशला मुद्दाम वेगळं ठेवलं होतं. तिची आई ‘मी काही बोललेच नाही’ असं लिहून देईपर्यंत ती सुटणार नव्हती. सरांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांच्या एका फोनवर बाहेर आलेल्या मुलींचं एवढंच झालं होतं.

मला त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं.

या वेळी आधी कोणालाच कळवलं नाही. झेबाने बालकल्याण समितीच्या बाईंना आणि पोलिसांना वाटेतून फोन केला. जीप बिलालनेच चालवली. ओट्यावरची चावी अजीजुन्निसाने स्वतः उचलून त्याच्या हातात दिली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. “माफ कर बेटा,” एवढंच म्हणाली. बिलालने तोंड वळवून गाडी सुरू केली. स्टेपनी तेव्हाही नव्हती.

तो प्लॉट दिसायला अगदी साधा होता. एकही फूल नाही. हिरव्या झाडांवर लाल कागदाच्या टोप्याच टोप्या, आणि ओळींमधून वाकलेल्या पोरी. मार्टाने पहिल्यांदाच कॅमेरा खाली ठेवला आणि तोंडावर हात दाबला. नाजिश शेवटच्या ओळीत एकटी होती, तिच्यावर एक बाई राखण ठेवली होती. आईला पाहून ती धावली नाही. तिने आधी हातातली कळी पूर्ण केली आणि मग राखणीच्या बाईकडे पाहिलं, जाऊ का म्हणून.

पंचनामा झाला, पोरी घरोघरी पोचल्या. शेषरावला अटक झाली आणि जामीनही झाला. खटला बुलढाण्याला चालू आहे, झेबा तो सोडणार नाही. सरांनी संस्थेचा राजीनामा दिला असं ऐकते. माझ्या ओसरीवर ते पुन्हा आले नाहीत, आणि आले असते तर मी दार उघडलं असतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मार्टा निघायच्या आधी आम्ही अजीजुन्निसाच्या घरी गेलो. ती अंगणात नाजिशला मांडीशी घेऊन बसली होती आणि ब्लेडने तिच्या अंगठ्याचं वाढलेलं नख कापत होती. अब्दुल गनी शेजारी पंपाचा वायसर बदलत होता, पण त्याचं लक्ष तिकडेच होतं.

मार्टाने मला सांगितलं ते मी मराठीत केलं. झालेल्या प्रकारानंतर साक्ष मागे घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तुम्ही नाही म्हटलंत तर अहवालातून ती काढून टाकू. कोणीही तुम्हाला दोष देणार नाही.

अजीजुन्निसाने नखाचा तुकडा फुंकून उडवला.

“काय लिवलं हाय त्याच्यात माह्या नावाच्या जागी?”

“साक्षीदार एक,” मी म्हटलं.

“ते खोडा. ज्यायच्यापासून नाव लपवाचं होतं त्यायलेच तं मालूम झालं. आता लपवून मी कोनाले भेऊ?” तिने नाजिशचा अंगठा उलटसुलट करून पाहिला, नीट कापलं गेलंय ना म्हणून. “पुरं नाव लिवा. अजीजुन्निसा अब्दुल गनी. गावाचंबी लिवा.”

मार्टाने तिला दोनदा विचारलं, तिच्या नवऱ्यालाही विचारलं. अब्दुल गनी म्हणाला, “ती म्हन्ते तसं करा.” मग मी पेन काढलं, ‘साक्षीदार एक’ खोडलं आणि वर नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

आम्ही जीपपाशी पोचलो तेव्हा तिने मागून हाक मारली.

“म्याडम, त्या सरची भेट झाली तं सांगजा त्यायले. आता कोनी माहं नाव इचारलं तं खुशाल सांग म्हनाव.”